पिशवी आधी, नक्कल नंतर

वाचकाचं पत्र

प्रिय ताई,

मी सांगलीची, वय ४६. गेली एकोणीस वर्षं एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करते. गणपती पेठेतून सुरुवात, मग हरभट रोड, मारुती रोड. रोज साठ-सत्तर दुकानं. ‘उद्या या’ हे वाक्य माझ्याएवढं सांगलीत कुणी ऐकलं नसेल. त्यावरच एक विनोदी एकपात्री लिहिलंय, नावही तेच. इथल्या काही मुलांनी एका शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचा छोटा नाट्यमहोत्सव ठरवलाय, ते त्याला फ्रिंज म्हणतात. कुणीही नाव द्यायचं, ४५ मिनिटं मिळतात, दोन प्रयोगांच्या मध्ये १५ मिनिटं. मी नाव देऊन बसले.

भिशीत करून दाखवलं तेव्हा मान हलवत ‘उद्या या’ म्हणणाऱ्या कापडवाल्याला बायका पोट धरून हसल्या. सगळ्यात जास्त हशा सासूबाईंच्या नकलेला. त्यांना कमी ऐकू येतं, ‘काय? काय?’ करतात आणि भलतंच उत्तर देतात. (कानाचं यंत्र २०१९ च्या पुरात गेलं, नवीन घ्यायला तयार नाहीत.) पण मागच्या आठवड्यात महोत्सवाच्या मुलांसमोर केलं तर नऊ जणांत दोघं हसले. एक म्हणाला, भाषा जरा शुद्ध करा. दुसरा म्हणाला, शेवटी काही संदेश हवा. म्हणून मी शेवटी बचतीचं महत्त्व घातलंय.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. त्या वाईट नाहीत हो. रात्री माझ्याबरोबर पैसे मोजायला बसतात. (पुरात घर सोडताना बाकीचे कपडे-दागिने शोधत होते, त्यांनी तेवढी माझी पिग्मीची पिशवी उचलली.) नक्कल काढली तर प्रयोगात काय उरतं? ठेवली तर मी घरात कोणत्या तोंडाने वावरू? नवरा म्हणतो, तुझं तू बघ. त्यात सांगली म्हणजे नाट्यपंढरी. इथे उभं राहायचं म्हणजे पाय लटपटतात. मला धाकटी बहीण समजून अगं-तुगंच करा.

तुमची,
पिशवीवाली, सांगली

ताईंचं उत्तर

प्रिय पिशवीवाली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नांसाठी, दुसऱ्यांदा कंसांसाठी. कंसांकडे मी सावकाश येते, कारण तुझा प्रयोग मला तिथेच सापडला. आधी ते नऊ जण.

भिशीतल्या बायका हसल्या, कारण तो कापडवाला त्यांना माहीत आहे. त्याच्याकडून त्यांनी ब्लाऊजपीस घेतलेत, त्याची मान कशी हलते ते पाहिलंय. तू नुसती मान हलवलीस आणि उरलेला माणूस त्यांनी स्वतःच उभा केला. हॉलमधल्या मुलांकडे तो माणूसच नाही. शिवाय मला दाट शंका आहे की त्या नऊ जणांपैकी निम्म्यांना पिग्मी म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. फोनवरून पैसे पाठवणारी पिढी ती. दुपारच्या उन्हात एक बाई पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहते, दुकानदार गल्ल्यातून पन्नासाची नोट काढतो, ती पावती देते, वर्षाच्या शेवटी त्याचे बऱ्यापैकी पैसे होतात, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. तू पहिल्या मिनिटापासून ‘उद्या या’वर विनोद करायला लागलीस. त्यांना कळेना, कोण कुणाला आणि कशासाठी उद्या बोलावतंय.

तेव्हा पहिली तीन मिनिटं हशाची आशाच सोड. नुसतं सांग. पिग्मी म्हणजे काय, किती दुकानं, किती पायऱ्या. ही पद्धत सुरू झाली १९२८ मध्ये, उडुपीच्या एका बँकेत. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. बँकेचा माणूस दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायचा. हे दोन आणे तू जरूर सांग. ‘त्या पहिल्या माणसालाही पहिल्या दिवशी कुणीतरी उद्या या म्हणालंच असणार’ एवढं एक वाक्य पुढे जोडलंस तर बघ, तुझा पहिला हशा तिथे येतो की नाही. माझ्या मते येईल. नाही आला तरी बिघडत नाही, कारण त्यांना आता ‘उद्या या’ म्हणजे काय ते कळलेलं असेल.

आणि ते वाक्य उधळू नकोस. तुझ्या संहितेत ते किती वेळा आलंय ते मोज. माझ्या अंदाजाने पंधरा-वीस वेळा तरी असेल. सहा-सात पुरे. पहिल्यांदा कुणी हसणार नाही, दुसऱ्यांदा ओठ हलतील, तिसऱ्यांदा हशा. त्यानंतर दुकानदाराने नुसता हात वर केला तरी लोक ते मनात म्हणतील, आणि मागच्या रांगेतला एखादा आगाऊ मुलगा मोठ्यानेही म्हणेल. म्हटलं तर म्हणू दे, त्याच्याकडे बघून पिशवीची चेन लाव आणि पुढच्या दुकानाकडे चालायला लाग. पण एक कर. पूर्ण प्रयोगात एकदा, फक्त एकदाच, ते वाक्य तुझ्या तोंडून कुणाला तरी ऐकव. कुणाला ते तू ठरव. मला विचारशील तर नवऱ्याला. ‘तुझं तू बघ’ म्हणालाय ना तो!

हशा आला की थांबायचं असतं, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. पण तू एकोणीस वर्षं घाईत काम केलंयस. पुढची साठ दुकानं डोक्यात ठेवून बोलायची सवय आहे, म्हणजे हशा अर्धा असतानाच तू पुढचं वाक्य टाकणार. आमच्या तालमीत याला ‘हशा खाणं’ म्हणायचे, आणि खाणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळायचा नाही. हशा वर चढतो, टिकतो, उतरायला लागतो. उतरायला लागला की बोल. उलट, जिथे हशा यायला हवा होता आणि आला नाही तिथे अजिबात थांबायचं नाही, जणू ते वाक्य विनोदाचं नव्हतंच अशा थाटात पुढे जायचं. थांबून प्रेक्षकांकडे बघणं म्हणजे आणखी एकदा ‘पैसे द्या हो’ म्हणणं. ते तू नेहमी करत असशील, स्टेजवर नको.

भाषेचं सांगते. ज्याने शुद्ध करा म्हटलं त्याच्यावर चिडू नकोस, त्याचं औषध चुकलं पण दुखणं खरं असावं. माझा अंदाज असा, की निवेदन करताना तू शाळेच्या संमेलनातली भाषा वापरतेस आणि दुकानदार आला की सांगलीची. मग सांगलीची बोली फक्त हसवण्यापुरतीच येते, आणि ऐकणाऱ्याला ती टिंगल वाटते. तू निवेदनही तसंच कर जशी तू पायरीवर उभी राहून बोलतेस. आपल्या भागातल्या कितीतरी बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. तू म्हणत असशील तर स्टेजवरही म्हण. पुण्यामुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या मिनिटाला चमकेल, पाचव्या मिनिटाला त्याच्या लक्षातही राहणार नाही. फक्त शब्दाची शेवटची अक्षरं गिळू नकोस, शाळेच्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि गिळलेलं अक्षर परत येत नाही.

नाट्यपंढरीची भीती तर तू मनातून काढच. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पात्रांची भाषणं लिहून दिलेली नसायची. पदं सूत्रधार म्हणायचा आणि नट प्रसंग बघून आपापल्या तोंडचं बोलायचे. विदूषक तर सूत्रधाराशी सुरुवातीलाच थट्टामस्करी करून जायचा. म्हणजे ज्या दिवसाला आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो, त्या दिवशी तुझ्यासारखंच काहीतरी चाललं होतं. आणि त्या मुलांच्या फ्रिंजचं म्हणशील, तर १९४७ साली एडिनबरोत मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तिथे आठ नाटक मंडळ्या बोलावणं नसताना आल्या आणि त्यांनी आपापली जागा बघून प्रयोग केले. तिथून हा प्रकार निघाला. बोलावणं नसताना दुकानाच्या पायरीवर जाऊन उभं राहण्याचा तुझा अनुभव त्या आठ मंडळ्यांपेक्षा जास्त आहे.

आता सासूबाई.

मी चोवीस वर्षांची असताना साताऱ्यात आमच्या गल्लीच्या गणपतीत नकला करायचे. माझे एक काका बोलताना अडखळत. मला ते इतकं हुबेहूब जमायचं की लोक फर्माईश करायचे. एका वर्षी काका तिसऱ्या रांगेत होते. मला माहीत होतं. केलं. मांडव कोसळेल इतका हशा. काका नंतर भेटले, पाठीवर हात ठेवला, हसले. त्यानंतर ते गेले तोवर, म्हणजे अकरा वर्षं, माझ्यासमोर त्यांनी एक पूर्ण वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. मान हलवायचे, हाताने दाखवायचे, काकूला सांगायला लावायचे. रागावले असते तर पाया पडून मोकळी झाले असते.

म्हणून ‘कुटुंबातल्यांवर विनोद करावा का’ या प्रश्नाला माझं उत्तर सरसकट नाही असं नाही. हो, करावा. घरच्यांवर नाही करायचा तर कुणावर करायचा? पण माणूस जे करतो त्यावर कर, त्याला जे झालंय त्यावर नको. कापडवाला पैसे असूनही उद्या या म्हणतो, ती त्याची करणी. कमी ऐकू येणं ही सासूबाईंची करणी नाही.

आणि नाटकाच्या बाजूनेही सांगते, ‘काय? काय?’ आणि भलतंच उत्तर, हे मराठी स्टेजवर इतकं झालंय की त्याला आता मूळ मालकच उरलेला नाही. भिशीत हशा येतो तो त्या बायकांना तुझ्या सासूबाई माहीत आहेत म्हणून. त्या नऊ जणांना त्यात एक कुठलीही म्हातारी दिसली, आणि दोघं सोडून कुणी हसलं नाही. मुलांची पारख बरोबर होती.

आता तुझे दोन कंस काढ आणि शेजारी शेजारी ठेव. एक: कानाचं यंत्र २०१९ च्या पुरात गेलं. दोन: घर सोडताना सासूबाईंनी एकच वस्तू उचलली, तुझी पिग्मीची पिशवी. तू ही दोन वाक्यं पत्रात दहा ओळींच्या अंतरावर लिहिलीस आणि दोन्ही कंसात टाकलीस. मला सांग, यंत्र राहिलं ते पिशवी हातात होती म्हणून का?

मला माहीत नाही. तुलाही माहीत नसावं, नाहीतर तू कंसात टाकलं नसतंस. सासूबाईंना विचार. रात्री पैसे मोजताना विचार, जोरात विचारावं लागेल. त्या ‘हो’ म्हणाल्या तर तुझ्या हातात काय आलंय ते मी सांगायला नको. कदाचित म्हणतील, ‘ते मेलं शिट्ट्या मारायचं कानात, मीच टाकलं मुद्दाम.’ मग तर फारच छान, कारण हे उत्तर कुणीही बसून लिहू शकणार नाही. जे काही म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि त्यातलं एक अक्षरही सुधारू नकोस.

आणि रात्रीचं ते पैसे मोजणं! बाई गं, हे तू प्रयोगात घेतलंच नाहीस? ज्यांना ऐकू येत नाही त्या बाई आणि दिवसभर ऐकून ऐकून कान किटलेली तू, मध्ये नाण्यांचा ढीग. त्या कशा मोजतात? दहाच्या चवडी लावतात की विसाच्या? फाटकी नोट आली तर कुणाची म्हणून ओळखतात का? हिशेबात पाच रुपये कमी पडले तर झोपतात की झोपू देत नाहीत? मला वाटतं त्यांना तुझे सगळे दुकानदार न बघता माहीत असतील, नोटांच्या वासावरून. मसाल्याचा, औषधांचा, भडंगाच्या तेलाचा. हे जर खरं निघालं तर ते करून दाखव. जितकं बारीक तितका हशा मोठा, आणि तो त्यांच्यावरचा नसेल. त्या त्यात भारी ठरतात, हे त्यांना स्वतःलाही समोर बसून कळेल.

हे सगळं त्यांना न सांगता करू नकोस. ‘परवानगी’ हा शब्द घरात विचित्र वाटतो, पण गोष्ट तीच. आधी करून दाखव, घरात, फक्त त्यांच्यासमोर. त्यांना ऐकू येणार नाही म्हणून तुला हातवारे आणि चेहरा स्पष्ट करावा लागेल, आणि यासारखी दुसरी तालीम नाही. शब्द न कळता त्यांना कुठला दुकानदार आहे ते ओळखू आलं, तर तुझं काम झालं. एखादी गोष्ट नको म्हणाल्या तर ती काढायची, वाद नाही. गालात हसून ‘कर काय करायचं ते’ म्हणाल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचार, कारण माझे काकाही हसले होते.

आता थोडं कारागिरीचं. दोन माणसांचं बोलणं एकटीने दाखवताना सगळे आवाज बदलायच्या मागे लागतात आणि दहाव्या मिनिटाला घसा बसतो. आवाज फार बदलू नकोस, नजर बदल. कापडवाला गादीवर बसलाय, तू पायरीवर उभी. म्हणजे तो बोलताना त्याची नजर वर जाईल, तू बोलताना तुझी खाली. औषधाच्या दुकानात काउंटर उंच असतो, तिथे तू टाचा उंचावून आत बघतेस. किराणावाला बोलताना तुझ्याकडे बघतच नाही, तो गिऱ्हाइकाचं वजन करतोय. सराफ आधी तुझ्या मागे कोण उभं आहे ते बघतो. एवढ्या चार नजरा पक्क्या केल्यास तर चार दुकानं नेपथ्याशिवाय उभी राहतील. नजर कुठे टेकवायची ती जागा हॉलमध्ये आदल्या दिवशी नक्की करून ठेव, एखादी खिडकी, एखादा पंखा. दर वेळी कापडवाला वेगळ्या उंचीवर बसला तर लोकांना कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं.

पाठांतराबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणारच, कारण एकपात्रीत ब्लँक झालं तर सावरायला समोर दुसरा नट नसतो. तुझ्या संहितेतली दुकानं तुझ्या खऱ्या रूटच्या क्रमाने लाव. गणपती पेठेतून निघ आणि तशीच पुढे जा. विनोदी दुकान आधी आणि फिकं नंतर अशी हलवाहलव करू नकोस. एकोणीस वर्षं तो रस्ता तुझ्या पायांत बसलाय. वाक्य विसरलीस तर दोन पावलं चाल, पुढचं दुकान आपोआप येईल. असं पाठांतर विकत मिळत नाही.

तुझ्या रूटवर पूर येऊन गेलाय, आणि संहितेत तो नाही. विनोदी प्रयोगात कसा घेणार म्हणून सोडला असशील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तुझ्या रूटवरच्या शटरांना चिखल लागला होता. पाणी उतरल्यावर तू पहिल्यांदा त्या रस्त्याने गेलीस तेव्हा काय झालं? कुणी पैसे मागितले? कुणी भिजलेलं पासबुक दाखवलं? त्या दिवशी कुणी ‘उद्या या’ म्हणालं का? जे झालं तेवढंच सांग, दोन मिनिटांत, पार्श्वसंगीत न लावता, डोळे न पुसता. लगेच पुढच्या दुकानात जा आणि लोकांना हसव. ते जास्त मोकळे हसतील.

शेवटचा संदेश मात्र काढून टाक. बचतीचं महत्त्व पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सांगायला तुला कुणी बोलावलं तर जरूर सांग, तिथे चहा आणि बिस्किटंही मिळतात. संदेश हवा म्हणणाऱ्या मुलाला म्हणावं, प्रयोग बघून घरी जाताना तुला आठवला तर तोच संदेश. माझ्या मते तुझा प्रयोग रात्री संपतो. नाणी मोजून झाली, हिशेब जुळला, किंवा पाच रुपयांनी नाही जुळला, आणि सासूबाईंनी दिवा घालवला. अंधार. मध्ये टाळ्यांसाठी नमस्कार वगैरे काही घालू नकोस.

बाकी किरकोळ भराभर सांगते. ४५ मिनिटं मिळतात म्हणून ४५ मिनिटांचं लिहू नकोस. घरात घड्याळ लावून ३७-३८ च्या पुढे जाता कामा नये, कारण हशा वेळ खातो, आणि पुढचा गट दारात उभा असतो. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते आयोजक एकत्र मागवणार की प्रत्येकाने आपापलं आणायचं, हे आजच विचार, आणि संहिता टाइप करून ठेव. मध्ये सिनेमाचं गाणं वाजवायचा मोह असेल तर सोड, त्याचे हक्क असतात, आणि तुला गरजही नाही. शटर वर जाण्याचा आवाज तू तोंडाने काढतेस ना? त्यापुढे गाणं काय करणार!

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. कुठल्याही खातेदाराची रक्कम, कुणाची पिग्मी बंद पडली, कुणी मुदतीआधी मोडली, हे स्टेजवर येऊ देऊ नकोस, नाव बदलूनही नाही. सांगलीत दुकानाचं वर्णन केलं की नाव सांगावं लागत नाही. लोकांनी तुला पैशाबरोबर विश्वासही दिलाय आणि तुझी नोकरी त्यावर चालते. पतसंस्थेच्या वरिष्ठांच्या कानावरही घालून ठेव, म्हणजे नंतर कुणी फोटो दाखवून विचारणार नाही. ‘उद्या या’ म्हणण्याची पद्धत मात्र खुशाल घे, ती कुणाच्या खात्यात जमा नसते. दोन दुकानदारांचा मिळून एक कर, कापडवाल्याची मान औषधवाल्याला दे. आणि त्यांना सगळ्यांना प्रयोगाला बोलाव. पोस्टर छापायचे पैसे वाचतील, पावतीबरोबर एक चिठ्ठी दिलीस की साठ-सत्तर आमंत्रणं झाली. फक्त वेळ दुकान वाढवल्यानंतरची माग, नाहीतर बाजाराच्या सुट्टीचा वार. ते येतील, आणि प्रत्येक जण शेजारच्याला कोपर मारून सांगेल, ‘बघ, तुझीच नक्कल करतीय.’

शंभर खुर्च्यांत पंचवीस माणसं विखुरली तर कुणीच हसत नाही, माणूस एकटा हसायला लाजतो. मागच्या रांगांना दोरी बांधायला सांग, सगळ्यांना पुढे बसव. हॉल पूर्ण काळोखा करू नकोस, तुला त्यांचे चेहरे दिसायला हवेत. पंखे मोठा आवाज करत असतील तर माईक लागेल. कॉलरचा माईक घेतलास तर मंगळसूत्र आणि बांगड्या सांभाळ. मी एकदा एका हॉलमध्ये पाऊण तास बोलले आणि प्रेक्षकांनी बहुतेक वेळ काचेच्या बांगड्या ऐकल्या. पदर पिन करून माईक उलट्या बाजूला लाव, आणि त्याच साडीत तालीम कर जी त्या दिवशी नेसणार आहेस.

सासूबाई यायला तयार झाल्या तर त्यांना पहिल्या रांगेत, जिथून तुझे ओठ दिसतील तिथे बसव. शेजारी नवऱ्याला बसव, त्याचं त्याला बघू दे.

आणि पिशवी खरीच ने, नवी विकत आणू नकोस. तिची चेन कशी अडकते ते तुझ्या हाताला माहीत आहे. फक्त आत सुट्टी नाणी राहू देऊ नकोस, चालताना खुळखुळतात. नाणी शेवटच्या प्रवेशातच निघू देत, तोवर रुमालात गच्च बांधून ठेव.

तुझी,
ताई